दाबाची खातरजमा

ज्या मनुष्याने आपली सारी हयात न्यायालयाच्या दप्तरात, इतरांच्या तक्रारींवर तारखांमागून तारखा टाकण्यात व्यतीत केली, त्याच्या निवृत्तीनंतरच्या निरुपद्रवी दिनक्रमात मोटारसायकलीच्या तेलाच्या दाबासारखा प्रश्न कोठून उपस्थित व्हावा, असे कोणासही वाटेल; परंतु निवृत्त मनुष्याजवळ प्रश्न शिल्लक नसले म्हणजे तो ते पैदा करतो, आणि त्यापायी तारा, स्क्रू व काळी चिकटपट्टी यांवर पेन्शनीतील रक्कम खर्ची टाकण्यास तो मागेपुढे पाहत नाही.

आमचे ईट हे भूम तालुक्यातील, बालाघाटच्या पठारावरील मोठे गाव. निजामाच्या अमदानीत आम्ही उस्मानाबाद जिल्ह्यात होतो, २०२३ पासून धाराशिव जिल्ह्यात आहोत. मधल्या काळात गाव जागचे हललेले नाही. येथे वाहनाची प्रकृती काट्यांवरून नव्हे, कानांवरून ओळखण्याची वहिवाट आहे. रस्त्याने एखादी गाडी गेली की पारावर पहुडलेला मनुष्य डोळे न उघडता "चेन ढिली हाय" किंवा "प्लगात कचरा आलाय" असा निवाडा देऊन कूस बदलतो, आणि तो निवाडा सहसा अपिलात फिरत नाही. खव्याच्या भट्ट्यांवरही तोच प्रकार. आमच्या तालुक्याचा खवा दूरदूरच्या हलवायांकडे जातो. पाच लिटर म्हशीच्या दुधाचा साधारणतः एक किलो, असा त्याचा हिशेब. पण कढईतील पदार्थ कोणत्या क्षणी दूध राहत नाही आणि खवा होतो, हे सांगणारे यंत्र मी एकाही भट्टीवर पाहिलेले नाही. भट्टीवाला उलथने फिरवीत शेजाऱ्याशी बांधाच्या भांडणाविषयी बोलत असतो आणि बोलता बोलता, वाक्य अर्धे न सोडता, कढई उतरवतो. अशा गावात तेलाचा दाब पौंडांत मोजू पाहणारा इसम निष्कारण संशयास पात्र ठरतो.

माझी मोटारसायकल म्हणजे जुन्या बांधणीची बुलेट. ही गाडी मूळची इंग्लंडातील रेडिचची; १९५५ साली मद्रासेस तिचा कारखाना निघाला, आणि लष्कर व पोलीस या दोन खात्यांमार्फत तिने देशभर आपला अंमल बसविला. पुढे रेडिचचा कारखाना बंद पडला, मद्रासची फटफट मात्र अव्याहत चालू राहिली. या गाडीवर काटा म्हणावा असा, वेगाचा सोडल्यास, एकच. तो विजेच्या प्रवाहाचा. परंतु त्या एका काट्याचा रुबाब विलक्षण! चावी फिरवावी, डिकॉम्प्रेशनची दांडी दाबून किक हळूहळू खाली उतरवावी, काटा डावीकडून सरकत मध्यावर आला की दांडी सोडावी, किक पुन्हा वर घ्यावी आणि मग सर्वस्व पणाला लावून ती हाणावी, असा हा विधी आहे. काट्याची अनुज्ञा न घेता जो किक मारतो, त्याच्या नडगीवर किक जो शेरा मारते तो पुष्कळ दिवस पुसला जात नाही. हा विधी मी वर्षानुवर्षे निष्ठेने करीत आलो होतो, आणि एका काट्याच्या मर्जीवर माझी सकाळ सुखाने उजाडत होती.

उन्हाळ्याच्या सुट्टीत पुण्याहून भाचा आला. त्याच्या मोटारसायकलीवर काट्यांऐवजी एक रंगीत पडदाच होता, आणि त्या पडद्यावर गाडीची एवढी माहिती उमटत असे की गाडी चालविण्यास वेळ कसा मिळतो, याचेच नवल वाटावे. त्याने माझ्या गाडीभोवती एक प्रदक्षिणा घातली आणि अत्यंत आदराने विचारले,

"मामा, तुमच्या गाडीचं ऑइल प्रेशर किती असतं हो?"

"पुरेसं असतं."

"हो, पण किती?"

'पुरेसे' या शब्दावर आमच्या दप्तरात कैक प्रकरणे निकाली निघाली होती. 'पुरेसा पुरावा', 'पुरेशी मुदत', 'पुरेसे कारण' यांपुढे 'किती' म्हणून विचारण्याची कोणाची छाती झाली नव्हती. त्या रात्री मला झोप आली नाही. माझ्या मांड्यांच्या मध्ये, हातभर अंतरावर, इतकी वर्षे एक दाब नांदत होता आणि त्याची नोंद कोठेही नव्हती, या विचाराने माझ्यातील शिरस्तेदार उठून बसला.

वास्तविक या इंजिनातील तेलाची व्यवस्था मोठी सालस आहे. तेलाची टाकी निराळी नसून इंजिनाच्या ओतीव कवचातच सामावलेली. तिच्यात सुमारे सव्वा दोन लिटर तेल. आत दट्ट्याचे दोन पंप. एक तेल पुढे पाठवितो, दुसरा खाली ओघळून आलेले तेल गोळा करून परत टाकीत जमा करतो. वाटेत नमद्याची एक गाळणी, आणि डोक्यावरच्या रॉकरांसाठी बाहेरून गेलेल्या दोन बारीक नळ्या. हे सारे सुरळीत आहे की नाही, हे पाहण्याची आमच्या मिस्त्रीची रीत अशी की, इंजिन चालू असता त्या नळीचा बोल्ट किंचित सैल करायचा, पाझरलेल्या तेलास बोट लावायचे आणि म्हणायचे, "बोटाला लागतंय न्हवं? मग झालं." त्यानंतर ते बोट तो आपल्या केसांस पुसतो.

बोट ही आरंभीच्या काळातील इंजिनांच्या मानाने सुधारणाच म्हणावी लागेल. मोटारसायकली नव्या होत्या तेव्हा तेल ढकलणारा पंप स्वतः स्वारच असे. दर काही मैलांवर त्याने हाताने दट्ट्या दाबायचा, आणि विसरला तर इंजिन जाम व्हायचे, जास्त दाबला तर मागच्या वाटसरूस धुरात सूर्य दिसेनासा व्हायचा. पुढे ट्रायम्फसारख्या विलायती गाड्यांवर तेलाचा दाब चढला की एक इवलेसे बटण बाहेर डोकावू लागले. म्हणजे प्रगतीचा ओघ दट्ट्याकडून बटणाकडे आणि बटणाकडून काट्याकडे होता. तो ईटपर्यंत आणून पोहोचविण्याची कामगिरी आपल्या शिरावर येऊन पडली आहे, अशी माझी खात्री झाली, आणि मी सोलापूर गाठले.

दुकानाचे नाव सांगत नाही. दुकानदार गृहस्थ अत्यंत मधुर होता.

"तेलाच्या दाबाचं मीटर आहे?"

"आहे ना साहेब. शून्य ते ऐंशी पौंड. रात्री निळा उजेड पडतो."

"आणि सेन्सर?"

"सेन्सर बी आहे. सगळ्याला चालतो."

"बुलेटला?"

"साहेब, सगळ्याला म्हणलं की त्यात बुलेट आलीच."

हा युक्तिवाद मला निरुत्तर करून गेला. दुकानदाराने मीटर दिले, सेन्सर दिला, आणि माझी मुद्रा पाहून एक तांबडा दिवाही वर फुकट घातला. घरी मी किंमत निम्मी सांगितली. ती ऐकूनही सौभाग्यवती म्हणाल्या, "एवढ्यात मिक्सर दुरुस्त झाला असता." म्हणजे खरी रक्कम न सांगण्याचा निर्णय सर्वथा उचित होता.

येथे वाचकांच्या माहितीसाठी नमूद केले पाहिजे की तेलाच्या दाबाचा 'सेन्सर' या एका नावाखाली बाजारात दोन भिन्न प्रकृतीच्या वस्तू विकल्या जातात. दोन्ही पितळी, दोन्ही अंगठ्याएवढ्या, दोन्हींच्या शेंड्यावर एकाच तारेची जागा. पैकी एक नुसता खटका असतो. दाब नसला की तो बंद, म्हणजे तारेतील वीज इंजिनाच्या अंगात उतरते आणि दिवा लागतो. दाब आला की खटका उघडतो आणि दिवा विझतो. त्याला 'आहे' आणि 'नाही' या दोन शब्दांपलीकडे भाषा नाही. दुसरा असतो तो मोजणारा. दाबाप्रमाणे त्याचा विद्युत्-अवरोध बदलतो आणि त्यानुसार काटा सरकतो. आता या दुसऱ्यांतही जातिभेद आहेतच. युरोपीय घराण्यातील सेन्सर दाब नसता दहा ओहम दाखवितो आणि पूर्ण दाबास एकशे ऐंशीच्या आसपास चढतो. अमेरिकी घराण्यातील नेमका उलट, शून्य दाबास दोनशे चाळीस आणि पूर्ण दाबास तेहतीस. माझे मीटर अमेरिकी घराण्यातील होते आणि सेन्सर म्हणून मिळालेला मात्र नुसता खटका होता. हा विवाह जुळवण्यापूर्वी पत्रिका पाहण्याचे कोणास सुचले नाही.

प्रथम आट्यांनी हरकत घेतली. टायमिंग कव्हरावरील एक बूच काढून तेथे सेन्सर बसवावयाचा, एवढे माझ्या वाचनात आले होते. बूच निघाले, सेन्सर दोन-तीन वेढे लोण्यातून फिरावा तसा गेला आणि मग असा अडला की पुढेही जाईना, मागेही येईना. चौकशीअंती निष्पन्न झाले की एकाच मापाच्या दोन आट्यांत, ब्रिटिश पद्धतीच्या आट्यास इंचात २८ फेरे असतात आणि अमेरिकी पद्धतीच्या आट्यास २७. इंग्लंड आणि अमेरिका यांनी एका आट्यावरून इतके वितुष्ट ठेवावे आणि त्याचा त्रास भूम तालुक्यास व्हावा, हे मला अन्यायाचे वाटले. लेथवाल्याने सेन्सर हाती घेऊन उजेडात धरला. "साहेब, ह्यो आत घुसवता येतो," तो म्हणाला. "फक्त कव्हर ऱ्हात न्हाई." मग त्याने मधे घालावयास एक पितळी तुकडा कातून दिला, आणि मजुरीऐवजी त्याच्या मेव्हण्याच्या दाव्यात पुढची तारीख काय पडेल, ते विचारले.

तारा जोडण्यासाठी गावातील वायरमन आला. घरोघरचे पंखे आणि विहिरींवरचे पंप यांत त्याची हयात गेलेली. त्याने प्रथम हेडलाईटच्या डब्यातील तारांचा संसार उघडला, खिशातून टेस्टर काढला, एका तारेस लावला, दुसरीस लावला, तिसरीस लावला आणि गंभीरपणे सांगितले, "साहेब, गाडीत करंटच न्हाई."

"अरे, गाडी आताच चालवत आणली."

"आणली आसंल. पण करंट न्हाई."

दोनशे तीस व्होल्टांच्या घरगुती विजेसाठी केलेला टेस्टर बारा व्होल्टांनी लुकलुकत नाही, हे समजावण्याच्या खटाटोपात माझा कोपर हॉर्नच्या बटणावर पडला. गाडी बोंबलली. वायरमनने टेस्टर खिशात ठेवला आणि "म्हंजी हाय, पण दिसत न्हाई" असे म्हणून कामास आरंभ केला. तारा त्याने स्वतःच्या शिलकेतील वापरल्या. पंपास वापरतात तसल्या जाड, तांबड्या आणि काळ्या. बुलेटच्या हँडलावर ती जोडणी पाहून विहिरीचे पाणी आता गाडीवरच येणार, असा पोरांचा समज झाला.

संध्याकाळी पारासमोर उद्घाटन झाले. चावी फिरविली. काटा शून्यावरून उसळला आणि ऐंशीच्या पलीकडे, जेथे आकडेही संपतात तेथे, जाऊन आपटला. मंडळींनी टाळ्या वाजविल्या. मी किक मारली. इंजिन सुरू झाले. आणि काटा तत्क्षणी शून्याखाली लोळला. इंजिन बंद केले, काटा पुन्हा ऐंशीवर. खटका बंद असता त्याचा अवरोध जवळजवळ शून्य, आणि अमेरिकी मीटरच्या दृष्टीने अवरोध जितका कमी तितका दाब अधिक. तेव्हा गाडी निपचित उभी असता दाब पराकोटीचा आणि चालू लागताच नाहीसा, हा चमत्कार शास्त्रशुद्धच होता. पण शास्त्र कळण्यापूर्वीच पाराने निकाल दिला.

"आमच्या थोरल्यावानी हाय बगा. बाजंवर पडला की चार एकर नांगरतो, रानात न्येला की मुंडी खाली."

"गाडीची चूक न्हाई. साहेबाची सवय लागलीया तिला."

निवृत्त तलाठी तेवढे शांत होते. "रावसाहेब, यात बिघडलं काय?" ते म्हणाले. "शेतात पीक वाळत असताना कागदावर आणेवारी पन्नास पैशांच्या वर आलेली मी डोळ्यांनी पाहिली आहे, आणि पीक बरं असताना ती आत आलेलीही पाहिली आहे. कागद आणि शेत यांची भेट घडवलीच पाहिजे, असा कुठं नियम आहे?"

मला मात्र भेट घडवायची होती. मोजणारा सेन्सर, अमेरिकी घराण्यातीलच, टपालाने मागविला. लेथवाल्याने पितळेची एक 'टी' करून दिली, म्हणजे एका तोंडास मोजणारा सेन्सर, दुसऱ्या तोंडास आधीचा खटका, आणि त्या खटक्यावर फुकटचा तांबडा दिवा. तेल गळू नये म्हणून मिस्त्रीने नव्या सेन्सरच्या आट्यांवर नळाच्या कामातील पांढरी टेप इतक्या सढळ हाताने गुंडाळली की त्यास फेट्याचे रूप आले. काटा मेला. हललाच नाही. सेन्सरच्या विजेला इंजिनाच्या अंगातून परत जावे लागते आणि आट्यांचा धातूस धातू टेकला तरच ती जाते, ही गोष्ट वायरमनने "आर्थिंग मारलंय टेपनं" या तीन शब्दांत सांगितली. मग सेन्सरच्या कमरेस एक क्लिप आवळून तिच्यापासून स्वतंत्र तार चेसिसपर्यंत ओढावी लागली. हे सर्व शाळेतील एक निवृत्त गुरुजी पाहत होते. ते म्हणाले, "१८४९ मध्ये पॅरिसच्या यूजेन बूर्दों यांनी वाकडी नळी घालून दाबाचं मीटर काढलं. नळीत दाब आला की ती सरळ होऊ बघते, काटा फिरतो. त्याला तार लागत नाही, बॅटरी लागत नाही. बारीक पाइप जोडला की झालं." मी विचारले की हे त्यांनी पूर्वी का सांगितले नाही. गुरुजी म्हणाले की, त्यांना कोणी विचारले नव्हते. विद्या विनयाने शोभते खरी. परंतु विनयाचे हे प्रमाण मला अघोरी वाटले.

अखेर काटा खरे बोलू लागला, आणि माझ्या सुखाचा अंत झाला. सकाळी, तेल थंड आणि दाट असता, काटा छान वर उभा राही. गाडी तापली की तो उतरू लागे. बालाघाटावरचे वैशाखाचे ऊन, त्यात तेल पातळ झालेले. थांब्यावर इंजिन मंद चालू ठेवावे तर काटा शून्याच्या उंबरठ्यावर जाऊन बसे, आणि तेथेही स्वस्थ न बसता थरथरे. दट्ट्याचा पंप तेल सलग ढकलीत नाही, ठोक्याठोक्याने ढकलतो. त्यामुळे मंद गतीत काट्याचे नर्तन आणि दिव्याची उघडझाप हा त्या पंपाचा सहजधर्मच. शिवाय ज्या इंजिनाचा दांडा गोळ्यांच्या आणि रोलरच्या बेअरिंगांवर फिरतो, त्याला दाबाची मातब्बरी फारशी नसते; तेल पोहोचले म्हणजे त्याचे भागते. हे सारे मला पाठ होते. परंतु पाठ असणे निराळे आणि लाल दिवा उघडझाप करीत असता भूमच्या बाजारातून मार्ग काढणे निराळे.

मी रस्त्याकडे पाहणे सोडले. नजर काट्यावर, कान इंजिनावर. समोरून येणारी दुधाच्या किटल्या लादलेली मोटारसायकल मला तिच्या मालकाच्या शिव्यांवरून कळली. ओळखीच्यांचे नमस्कार वाया गेले, एका लग्नात वधूपिता उघडपणे म्हणाला, "आता साहेबांना मान राहिला नाही, मीटर राहिलं." आणि याच एकाग्रतेत खर्ड्याच्या वाटेवर, किल्ला दृष्टिपथात असता, गाडीने दोन आचके दिले आणि ती थांबली. काटा पाहिला, दाब शून्य. माझे हातपाय गळाले. इंजिन जाम झाले, अशी मनाशी खूणगाठ बांधून मी तासभर बाभळीखाली त्याच्या अंत्यविधीचा खर्च मांडला. शेवटी एका शेळ्या राखणाऱ्या पोराने टाकीचे झाकण उघडून आत डोकावले. "आजोबा, प्येट्रोल कुठाय?" या जुन्या बुलेटला पेट्रोलचा काटा नसतो, आणि तेलाच्या पाळतीवर असता पेट्रोलची तोटी मी रिझर्ववर केव्हा नेऊन ठेवली, त्याचा मला विसर पडला होता. ११ मार्च १७९५ च्या लढाईनंतर याच खर्ड्याच्या किल्ल्यात निजामअली पाण्यावाचून कोंडला गेला आणि त्यास तह करावा लागला. मीही त्या पोराशी तह केला. गावातून बाटली आणण्याचे त्याने जे मागितले ते विनातक्रार दिले.

तांबड्या दिव्याची हकीकत याहून विशेष. चावी फिरविली की इंजिन सुरू होईपर्यंत तो दिवा लागलाच पाहिजे, कारण तेव्हा दाब नसतो; तो लागतो म्हणूनच तो जिवंत आहे, हे कळते. पण हे गावास कोण सांगणार? "साहेब, दिवा लागलाय!" असे ओरडत माणसे हातातले काम टाकून धावत येत. ते थांबवावे म्हणून मी एकदा सर्वांस एकत्र बोलावून खुलासा केला, तेव्हा दिवा विझला असतानाही माणसे धावत येऊन "साहेब, दिवा विझलाय!" असे सांगू लागली. तलाठ्यांनी तर अभिनंदनच केले. "मंत्र्यांच्या गाड्यांवरचे लाल दिवे १ मे २०१७ पासून सरकारने उतरवले, जिल्ह्यात आता लाल दिव्याची गाडी म्हणाल तर तुमचीच." भाच्याला फोन केला. तो म्हणाला, "दिव्याकडे लक्ष देऊ नका मामा. माझ्याही गाडीत अधूनमधून काहीतरी लागतं. सेन्सरच खराब असतो." ज्याने हा प्रश्न उपस्थित केला त्यानेच तो इतक्या निर्विकारपणे फेटाळावा, यावर अपील कोठे करावयाचे?

मग एके दिवशी पंपाच्या त्या जाड तारा सायलेन्सरच्या बेंडावर टेकून दोन्ही जळाल्या. परिणाम असा की खटक्याची तार तुटल्याने तांबडा दिवा कायमचा विझला, म्हणजे त्याच्या जबानीप्रमाणे इंजिनात तेल भरपूर. आणि सेन्सरची तार तुटल्याने काटा कायमचा शून्यावर, म्हणजे त्याच्या जबानीप्रमाणे तेलाचा थेंब नाही. एकाच गाडीवर, एकाच वेळी, शेजारी शेजारी बसलेले हे दोन साक्षीदार, आणि दोघांपैकी एकही घटनास्थळी हजर नाही! मी मिस्त्रीकडे गेलो. त्याने बोल्ट सैल केला, बोट लावले, केसांस पुसले. तेल होते. ते आधीही होतेच.

"तारा नव्या टाकू का साहेब?"

सौभाग्यवती माझ्यासोबत होत्या. त्या म्हणाल्या, "दिवा काढून टाका. काटा ठेवा, पण तो चांगला दिसेल असं करा." मिस्त्रीने टीव्ही दुरुस्त करणाऱ्यास हाक मारली. त्याने एका जुन्या टीव्हीच्या पोटातून तपकिरी, काळी, तपकिरी अशा पट्ट्यांचा एक इवलासा अवरोधक काढला, शंभर ओहमचा. तो त्यांनी हेडलाईटच्या डब्यात, सेन्सरच्या जागी म्हणून, मीटरला जोडून टाकला आणि वर काळी चिकटपट्टी मारली. दोनशे चाळीस ते तेहतीसच्या मीटरात काटा मध्यावर येण्यास शंभराच्या आसपासचाच अवरोध लागतो. चावी फिरविली; काटा उठला आणि ऐंशीच्या निम्म्यावर, अगदी सरळ, उभा राहिला. इंजिन सुरू केले, काटा तेथेच. बंद केले, तेथेच. उन्हात, घाटात, बाजारात, तेथेच. मीटरशी तेलाचा काडीइतकाही संबंध उरलेला नाही, हे माझ्याइतके कोणासही ठाऊक नाही. तरीही रात्री निळ्या उजेडात तो काटा चाळिसावर उभा दिसला की माझ्या जिवास जे स्वास्थ्य वाटते, ते पेन्शनीच्या दिवशीही वाटत नाही. पारावरही समाधान पसरले. "आता कसं ठाम हाय," मंडळी म्हणाली, आणि डोळे मिटून पुन्हा पहुडली.

परवा तलाठी मुद्दाम गॅरेजात आले. त्यांनी काट्याकडे पुष्कळ वेळ पाहिले, मग मिस्त्रीस बाजूला घेतले. भूमच्या डॉक्टरांकडे रक्ताचा दाब मोजण्याचे असेच एक काट्याचे यंत्र आहे. तपासणीस गेले की काटा फार वर जातो, घरी मीठ बंद होते आणि लोणचे कपाटात कुलुपाआड जाते, अशी त्यांची कैफियत होती. तसला एक तुकडा त्या यंत्रात बसविता येईल काय?

मिस्त्रीने हात पुसले आणि क्षणभर विचार केला.

"बसवू की आण्णा. पर एकशे वीसवर नको. तुमचं वय बघता डॉक्टर इस्वास ठेवायचा न्हाई. एकशे पस्तीस ठिवू का?"